खलनायकाचा हेतू खेळाडूंना वापरता आला पाहिजे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या कल्पनारम्य भूमिकाखेळांविषयी मराठीत काही छापून आलेच, तर फासे किती बाजूंचे, पात्र कसे तयार करायचे आणि डीएम (खेळ चालवणारा आणि खलनायक रंगवणारा) म्हणजे कोण, एवढे सांगून लेख संपतो. कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांतून चालणारी सलग कथा, चालवणाऱ्याचे घोडे खरे अडते ते पुढे, दहा-बारा सेशन (बैठका) उलटल्यावर. खेळाडू रमलेले असतात, पात्रांची लेव्हल वाढलेली असते आणि तेवढ्यात कोणीतरी विचारतो, "पण या मांत्रिकाला नक्की हवंय काय?" डीएमच्या वहीत याचे उत्तर 'अमरत्व आणि जगावर राज्य' एवढेच असते. चालू कॅम्पेनमधला असा पोकळ खलनायक नव्याने कसा घडवावा, याबद्दल हे पत्र आहे. मराठीतून हा खेळ चालवणाऱ्या वाचकांना उपयोग व्हावा म्हणून जरा तपशिलात शिरतो.

या टप्प्यावर बहुतेक डीएम खलनायकाला दुःखी भूतकाळ देऊन मोकळे होतात. गाव जळले, गुरूने दगा दिला, मूल दगावले. दोन पाने इतिहास लिहून तयार होतो. तो बाहेर येतो शेवटच्या लढाईत, खलनायकाच्या भाषणातून, आणि दुसऱ्याच वाक्याला धनुर्धारी पात्राचा खेळाडू विचारतो, "मी बाण मारू का?" यात खेळाडूचे काही चुकत नाही. त्या क्षणी त्या माहितीचे त्याने करायचे तरी काय? हेतू कळल्यावर आधी नसलेला एखादा पर्याय खेळाडूंच्या हाती आला पाहिजे. सौदा करता यावा, डाव उधळता यावा, त्याच्याच माणसांना फोडता यावे, नाहीतर निदान वेगळ्या जागी जाऊन थांबता यावे. यातले काहीच शक्य होत नसेल, तर तो इतिहास वहीतच राहिलेला बरा.

सुरुवात नव्या कल्पनेने करू नये, जुन्या नोंदींनी करावी. कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात पात्रांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. दुसऱ्यात कोणाच्या तरी तोंडून ऐकलेले. तिसऱ्यात फक्त डीएमच्या वहीत असलेले. पहिला रकाना दगडावरची रेघ. त्यातले एक अक्षरही बदलायचे नाही. दुसरा बदलता येतो, पण कारण द्यावे लागते: सांगणारा खोटे बोलला, त्याचा गैरसमज झाला किंवा त्याला अर्धेच ठाऊक होते. तिसरा रकाना पूर्ण खोडला तरी कोणाला पत्ता लागत नाही. हा कागद भरताना एक गोष्ट हमखास लक्षात येते. आपण 'सांगितले आहे' असे ज्याबद्दल वाटत होते, त्यातले बरेचसे तिसऱ्या रकान्यात निघते. शंका असेल तर खेळाडूंनाच सेशनच्या सुरुवातीला मागचा गोषवारा सांगायला लावावा. त्यांच्या तोंडून जे येते तेच टेबलावरचे सत्य.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालतो. प्रेतविद्या जाणणारा एक मांत्रिक आहे. पहिल्या रकान्यात असे लिहिले आहे: त्याच्या मृत शिपायांनी रात्री तीन गावांवर धाड घातली, थडगी उकरली, आडवे आले त्यांना मारले, लोहारांकडचे सगळे लोखंड नेले, पण धान्याच्या कोठारांना हात लावला नाही, मनोऱ्यावरची काशाची घंटा खाली पाडून फोडली आणि तिथेच टाकली, घंटा वाजवणाऱ्या माणसाला पकडून नेले आणि दोन दिवसांनी जिवंत सोडले, उत्तरेच्या खिंडीकडे जाणारा पूल जाळला. दुसऱ्या रकान्यात: तो तीनशे वर्षांचा आहे असे धर्मशाळेचा मालक म्हणाला, तो रक्त पितो असे मुले म्हणाली. तिसऱ्यात: अमरत्व.

आता अमरत्व खोडायचे आणि पहिल्या रकान्याकडेच बघत बसायचे. लोखंड हवे, धान्य नको. घंटा फोडली, पण काशाला लोखंडाचा भाव दिला नाही, म्हणजे घंटा लुटीसाठी फोडली नाही, आवाज बंद करण्यासाठी फोडली. जिवंत माणूस हाती लागला असता परत पाठवला. पूल जाळला, म्हणजे खिंडीत कोणी येऊ नये. हे सगळे एका उत्तरात बसवता येते. खिंडीखालच्या जुन्या खाणीत काहीतरी साखळदंडांनी बांधून ठेवलेले आहे. जिवंत माणसाचा आवाज आणि श्वास यांनी ते जागे होते, म्हणून साखळ्या ओढून धरायला मृतांचे हात लागतात. साखळ्या झिजतात, म्हणून लोखंड. मृतदेह कुजतात, म्हणून थडगी. घंटेचा नाद वाऱ्याबरोबर खिंडीपर्यंत पोहोचत होता. घंटा वाजवणाऱ्याला नेले ते किती वेळा आणि कधी वाजवतो हे विचारायला; खाणीच्या तोंडाशी त्याला ठेवणे धोक्याचे, म्हणून सोडून दिले. त्या सुटकेत दया नव्हती, आणि तिने खेळाडूंना दिलेला धागा मात्र खरा ठरला. नवा प्रसंग एकही रचावा लागला नाही. जुन्याच प्रसंगांना अर्थ आला, आणि खेळाडूंना वाटते की हे पहिल्यापासून ठरलेले होते.

यानंतर हेतू चार तुकड्यांत लिहून काढावा: त्याला काय हवे, त्यासाठी तो काय करतो, त्याला कशाची भीती आहे आणि कोणती गोष्ट तो कधीही करणार नाही. प्रत्येकी एक वाक्य, जास्त नाही. चौथा तुकडा बहुतेक जण गाळतात आणि तोच खेळाडूंच्या सर्वांत कामाचा असतो. आपला मांत्रिक जिवंत माणसाला खाणीत नेत नाही आणि खिंडीत लढाई करत नाही. हे ज्या खेळाडूला उमगले, त्याला लपायची जागाही मिळाली आणि धमकी द्यायचे साधनही मिळाले: खिंडीच्या तोंडाशी उभे राहून नुसता शंख हातात धरला तरी मांत्रिक बोलणी करायला येईल. मर्यादा स्वार्थातून किंवा भीतीतून आलेली असली की टिकते. ती 'मनाने चांगला आहे' अशा कारणातून आली, तर पुढच्या क्रूर प्रसंगात डीएमलाच अडचण होते.

नव्याने घडवलेले बहुतेक खलनायक एका प्रश्नावर तोंडघशी पडतात. प्रश्न साधा आहे: "मग त्याने सरळ सांगितलं का नाही?" हेतू जितका उदात्त, तितका हा प्रश्न लवकर येतो. साखळ्या टिकवायला लोखंड हवे होते, तर राजाकडे मागायचे. याचे उत्तर आधीच वहीत हवे, आणि 'तो गर्विष्ठ आहे' हे उत्तर पुरे पडत नाही. इथे असे ठरवता येईल की त्याने एकदा राजदरबारी सांगितले होते, आणि दरबाराने ती बांधलेली वस्तू शेजारच्या राज्याविरुद्ध वापरायचा बेत आखला. तेव्हापासून तो कोणालाच सांगत नाही. या उत्तराने दोन कामे होतात. मांत्रिकाचा अविश्वास समजण्याजोगा होतो आणि दरबारात एक दुसरा, कदाचित जास्त घातक माणूस उभा राहतो. तरीही आडवे आलेल्या गावकऱ्यांना मारल्याचा दोष मांत्रिकाच्या माथ्यावरून हटत नाही. तो हटवूही नये. ज्यांची माणसे गेली ते गावकरी टेबलावर बोलत राहिले पाहिजेत. हेतू पटला म्हणून कृत्य धुतले जात नाही, हे डीएमने भाषणातून सांगण्यापेक्षा एका विधवेला सौद्याच्या बैठकीत आणून बसवावे.

हेतू खेळाडूंपर्यंत पोहोचतो कसा, यावर सर्वांत जास्त मेहनत लागते. जुना अनुभवी नियम असा की खेळाडूंना जे कळलेच पाहिजे, त्यासाठी किमान तीन वेगवेगळे धागे ठेवावेत. एक त्यांच्या नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा लागू पडतो. धागे वेगवेगळ्या जातीचे हवेत. तिन्ही चिठ्ठ्या असतील तर चिठ्ठ्या न वाचणारा गट कोरडाच राहतो. आपल्या उदाहरणात एक धागा शरीरावरचा: पाडलेल्या मृत शिपायांचे जबडे कापडाने घट्ट बांधलेले. दुसरा जागेवरचा: खिंडीजवळच्या झाडांवर एकही घरटे नाही. तिसरा माणसाचा: मांत्रिकाचा शिष्य कानात मेण घालून हिंडतो आणि खुणांनी बोलतो. यातला एकही धागा फासे टाकून मिळवावा लागू नये. फासे टाकायचे ते जास्तीच्या माहितीसाठी. मूळ धागा समोर दिसलाच पाहिजे. तपासाचा फासा पडला नाही आणि कथा तिथेच रुतली, हा प्रकार टेबलावर फार होतो आणि त्याचे खापर उगाच खेळाडूंवर फुटते.

जादूचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिकाखेळाच्या पाचव्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलपर्यंत गटाकडे गुपिते फोडणारे मंत्र आलेले असतात. २०१४च्या नियमांप्रमाणे खोटे बोलू न देणाऱ्या 'झोन ऑफ ट्रुथ' मंत्राचा घेर १५ फूट त्रिज्येचा आणि मुदत १० मिनिटे. आत असलेल्याचा करिश्मा सेव्ह (मंत्राचा परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा) चुकला तर त्याला जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही, आणि सेव्ह लागला की चुकला हे मंत्र टाकणाऱ्याला कळते. मात्र उत्तर टाळण्याची मोकळीक त्याला असते. यावर उपाय म्हणून प्रत्येक हस्तकाला मंत्ररोधक अंगठी देत सुटणे हा खेळाडूंवर अन्याय आहे. त्यांनी तो मंत्र निवडून घेतलेला असतो. त्यापेक्षा हस्तकांच्या मनात प्रामाणिक गैरसमज ठेवावेत. लोखंड पोहोचवणाऱ्या व्यापाऱ्याला खरोखरच वाटते की वर शस्त्रे बनतात. तो सत्यच सांगतो, आणि ते चूक असते.

'स्पीक विथ डेड' या मंत्रातून प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. प्रेताला तोंड शाबूत हवे, ते त्या वेळी अनडेड (मेल्यावरही जादूने वावरणारे) असता कामा नये आणि गेल्या १० दिवसांत त्याच्यावर हाच मंत्र झालेला नसावा. जिवंतपणी जे ठाऊक होते तेवढेच प्रेत सांगू शकते. म्हणजे मृत शिपायाने शिपाई म्हणून जे केले ते त्याला सांगता येणार नाही, पण तो कोणत्या गावचा आणि कसा मेला हे सांगता येईल. इथे एक अप्रतिम धागा ठेवता येतो: खाणीतले सर्वांत जुने मृत शिपाई मांत्रिकाचेच सहकारी निघतात आणि त्यांनी स्वेच्छेने मरण पत्करलेले असते. 'डिटेक्ट ईव्हिल अँड गुड' या मंत्राची मात्र धास्ती नको. पाचव्या आवृत्तीत तो माणसाच्या नीतीवर बोट ठेवत नाही. जवळपास अनडेड, फीन्ड, फे, सेलेस्टियल, एलिमेंटल किंवा अॅबरेशन अशा अलौकिक जातीचा जीव आहे का, एवढेच सांगतो. जुन्या आवृत्त्यांत दुष्टपणा थेट ओळखला जाई आणि करड्या छटेचा खलनायक पहिल्याच भेटीत उघडा पडे. जुनी आवृत्ती खेळणाऱ्यांनी हे आधीच पाहून ठेवावे.

उलट बाजूने, खलनायकाला काय ठाऊक आहे याचीही नोंद हवी. डीएमला सगळे माहीत असते म्हणून खलनायकालाही सगळे माहीत, हा दोष इतका पसरलेला आहे की खेळाडू योजना आखणेच सोडून देतात. त्यांचा अंदाज बरोबर असतो: काहीही ठरवले तरी वरच्याला कळणारच. त्यासाठी खलनायकाच्या पानावर दोन ओळी राखाव्यात, 'कळले' आणि 'कशावरून कळले'. दुसरी ओळ रिकामी असेल तर पहिली खोडायची. दुरून पाहण्याचा मंत्र 'स्क्राइंग' म्हणावे, तर त्याला १,००० सुवर्णमुद्रांचे साधन लागते, लक्ष्याला विस्डम सेव्ह मिळतो, मंत्र १० मिनिटेच चालतो आणि सेव्ह लागला तर २४ तास त्याच लक्ष्यावर पुन्हा टाकता येत नाही. ही बंधने पाळली की खलनायकाची हेरगिरी खेळाडूंना पकडता येते, आणि पकडता येणारी हेरगिरी हा त्यांच्यासाठी आणखी एक धागा होतो.

भाषणाची हौस दूरवर निरोप पाठवणाऱ्या 'सेंडिंग'मधून भागवावी. या मंत्रात संदेश २५ शब्दांचा, उत्तरही लगेच तेवढ्याच शब्दांत देता येते, आणि ज्याला पाठवायचा तो ओळखीचा असावा लागतो. म्हणजे आधी एक साधी भेट व्हायलाच हवी. तीही लढाईविना, एखाद्या उत्सवात किंवा ओलीस बदलताना. आपल्या मांत्रिकाचा संदेश असा लिहिता येईल: "लोखंड परत मागू नका. पूल दुरुस्त करू नका. खिंडीत कोणी मोठ्याने बोलू नका. पुढच्या अमावास्येपर्यंत साखळ्या टिकल्या, तर मी स्वतः तुमच्या न्यायासमोर येऊन उभा राहीन." मोजून २५ शब्द. यात इतिहास नाही, रडगाणे नाही. पण साखळ्या, खिंड, आवाज आणि मुदत या चार गोष्टी खेळाडूंच्या हाती लागल्या. उत्तराचे २५ शब्द जुळवायला ते वाद घालत बसतात, आणि तो वाद ऐकून डीएमला कळते की हेतू कितपत पोहोचला.

मुदत आली की घड्याळ आले. २०१० साली आलेल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या भूमिकाखेळात येऊ घातलेल्या संकटाचे घड्याळ कागदावर मांडलेले होते. 'ब्लेड्स इन द डार्क' या दुसऱ्या खेळात ते ४, ६ किंवा ८ घरांचे वर्तुळ म्हणून येते. ही युक्ती कोणत्याही नियमावलीत चालते. मांत्रिकासाठी ६ घरे घेऊ. पहिले घर भरले की लोखंडाच्या आणखी गाड्या गायब. दुसरे, खिंडीलगतच्या वाडीतली कुत्री भुंकायची थांबतात. तिसरे, तिथल्या लोकांना झोपेत गुणगुण ऐकू येते. चौथे, एक साखळी तुटते, जमीन हादरते, विहिरी गढूळ होतात. पाचवे, सगळे मृत शिपाई जिथे असतील तिथे उत्तरेकडे तोंड करून थिजतात. सहावे, खाण उघडते. खेळाडूंनी काही केले नाही तर दर सेशनअखेर एक घर भरायचे. पूल बांधला किंवा खिंडीत लढाई केली तर दोन. लोखंड पोहोचवले तर एक पुसायचे. प्रत्येक भरलेल्या घराची खूण पुढच्या सेशनच्या पहिल्या अर्ध्या तासात जगात दिसलीच पाहिजे. वहीतच सरकणारे घड्याळ खेळाडूंच्या दृष्टीने बंदच असते. गट पंधरा दिवसांनी एकदा बसत असेल तर ६ घरांना तीन महिने लागतात आणि पहिली खूण कोणाच्या लक्षात राहत नाही. अशा गटासाठी ४ घरे पुरेत.

हस्तकांबद्दल थोडक्यात. तीन पुरतात आणि तिघांचे हेतू मालकाच्या हेतूपासून वेगळे हवेत. एक निष्ठावान, एक पैशासाठी आलेला, एक घाबरलेला. व्यापारी पोहोचवायच्या लोखंडातला हिस्सा परस्पर विकतो, म्हणून तिसऱ्या गावावरची धाड पडली. हे मांत्रिकालाही ठाऊक नाही. खेळाडूंनी ते शोधून त्याच्यासमोर ठेवले तर त्याची प्रतिक्रिया काय, हे आधी ठरवून ठेवावे, कारण ते नक्की ठेवतात.

लढाईची मांडणीही हेतूप्रमाणे बदलते. चार-पाच पात्रांसमोर एकटा खलनायक दोन-तीन फेऱ्यांत आडवा होतो, म्हणून पाचव्या आवृत्तीत मोठ्या शत्रूंना सहसा दर फेरीत तीन जादा चाली म्हणजे लेजेंडरी अॅक्शन आणि दिवसाला तीन लेजेंडरी रेझिस्टन्स (चुकलेला सेव्ह लागला असे धरण्याची सवलत) देतात. त्या तीन अॅक्शन नुसत्या माराच्या असू नयेत. मांत्रिकाची एक अॅक्शन 'साखळी घट्ट करणे' अशी ठेवावी. तो लढताना मध्येच वळून साखळी ओढतो आणि मार खातो, हे पाहून खेळाडूंना जे कळते ते कोणत्याही संवादातून कळत नाही. फेरी सहा सेकंदांची असते. त्यात भाषण बसत नाही, कृती बसते. निसटण्याची वाट ठेवायची असेल तर ती खरोखर रोखता येईल अशी ठेवावी. गटात 'काउंटरस्पेल' (दुसऱ्याचा मंत्र तोडणारा मंत्र) टाकणारा असेल तर ६० फुटांच्या आत टेलिपोर्टचा (मंत्राने क्षणात दुसरीकडे जाण्याचा) भरवसा नाही, आणि डीएमने तिथे फासे झाकून खलनायकाला वाचवले तर टेबलावरचा विश्वास गेला म्हणून समजावे.

आता एक जुना आणि जास्त अवघड प्रश्न. एखादी अख्खी जमातच दुष्ट असेल तर तिच्या हेतूचे काय? १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा पात्रांची नैतिक बाजू (अलाइनमेंट) तीनच प्रकारची होती: लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रल (मधली), केऑस (अनागोंदी). १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकात ती नऊ झाली. नऊ खाने सोयीचे होते, पण राक्षसांच्या यादीत प्रत्येक जमातीपुढे एक खाना छापला गेला आणि ऑर्क या राक्षसी जमातीचा म्हटला की दुष्ट, असे समीकरण रूढ झाले. २०१४च्या राक्षसांच्या पुस्तकात ही बाजू डीएमने हवी तशी बदलावी असे स्पष्ट लिहिलेले आहे. २०२०मध्ये प्रकाशकांनी ऑर्क आणि ड्राऊ या जमातींना इतर लोकांइतकेच गुंतागुंतीचे दाखवण्याचे जाहीर केले, आणि पाथफाइंडर या तशाच खेळाच्या २०२३च्या सुधारित नियमांतून अलाइनमेंट काढूनच टाकण्यात आली. माझ्या मते दिशा योग्य आहे, पण बरेच डीएम तिचा सोपा अर्थ घेतात: कालचे दुष्ट ऑर्क आज एकजात निष्पाप. त्याने काही साधत नाही, सगळे एकाच मनाचे हा दोष तसाच राहतो. टोळीत किमान दोन गट पाडावेत, ज्यांचे एकमेकांशी पटत नाही. हल्ल्याचा हुकूम कोणी दिला, त्यात कोणाचा फायदा झाला आणि कोणाला नाइलाजाने जावे लागले, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळ्या ऑर्कांच्या नावावर लिहावीत. नावे पडली की खेळाडू आपोआप कोणाशी बोलायचे हे ठरवू लागतात.

याचे दुसरे टोकही टाळावे. प्रत्येक खलनायकाला करुण हेतू दिला की खेळाडू थकतात. तलवार उपसण्याआधी दर वेळी मन खायला लागते आणि मग कोणी उपसतच नाही. एका कॅम्पेनमध्ये गुंतागुंतीचे दोन-तीन खलनायक खूप झाले. बाकीच्यांत सरळ लोभी, सरळ सत्तेचा भुकेला, बिनदिक्कत क्रूर असा कोणीतरी हवाच. आपल्या व्यापाऱ्याला अजिबात करुण करू नये. आणि 'तो वेडा आहे' हा हेतू होत नाही. वेड म्हटले की पुढची चाल ओळखता येत नाही, आणि जी ओळखता येत नाही तिच्यावर योजना करता येत नाही. शिवाय मानसिक आजाराला दुष्टपणा ठरवणे टेबलाभोवती बसलेल्या कोणाला खोलवर लागू शकते. हेतूसाठी लैंगिक अत्याचार किंवा मुलांचा छळ वापरण्याचा विचार असेल, तर सेशन झिरोमध्ये (खेळ सुरू होण्याआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) काय येणारच नाही आणि काय पडद्याआड राहील हे सर्वांना विचारून घ्यावे. कॅम्पेन मध्यावर असले तरी खलनायक बदलताना ही चौकशी पुन्हा करावी, कारण पहिल्या वेळी हा विषय कोणाच्या डोक्यातच नसतो.

हेतू बदलता ठेवणे ही या खेळातली काही नवी गोष्ट नाही. १९८३च्या 'रेव्हनलॉफ्ट' या साहसात किल्ल्याच्या रक्तपिपासू स्वामीचे त्या खेपेचे उद्दिष्ट भविष्य सांगणारीने काढलेल्या पत्त्यांवर ठरते. तेच साहस पुन्हा खेळले तर तो वेगळ्या गोष्टीच्या मागे असू शकतो. पण तिथे पत्ते खेळ सुरू होताना पडतात. चालू कॅम्पेनमध्ये बदल करायला एकच रास्त वेळ आहे: खेळाडूंना धागे मिळण्याआधी. धागे टाकून झाल्यावर आणि एखाद्या खेळाडूने हेतू बरोबर ओळखल्यावर, केवळ धक्का द्यायचा म्हणून डीएमने तो बदलला, तर त्या खेळाडूच्या हुशारीची शिक्षा त्याला मिळते. तिसऱ्याच सेशनला कोणी "खाणीत काहीतरी बांधलंय" म्हणाला तर म्हणू द्यावे. पुरावा मिळवायला लावावा आणि कथेचे वजन पुढच्या प्रश्नावर टाकावे: बांधले आहे हे कळले, आता साखळ्या कोण धरणार?

खेळाडूंनी सौदा केला तर काय, याची तयारी नसल्यामुळेच बरेच डीएम सौदा होऊ देत नाहीत. तयारी अर्ध्या पानाची असते. मांत्रिक काय देईल, काय मागेल आणि कोणत्या गोष्टीवर उठून जाईल. इथे तो धाडी थांबवील. महिन्याला ठरावीक लोखंड आणि मरणापूर्वी स्वतः संमती दिलेल्यांचे देह मागेल. खाणीचा ठावठिकाणा दरबाराला कळवण्याचा विषय निघताच उठेल. सौदा झाला की मांत्रिकाचे घड्याळ थांबते आणि दरबाराचे सुरू होते, चार घरांचे. पहिले घर: पूल पुन्हा बांधण्याचा हुकूम निघतो, आणि कामावर देखरेखीला खेळाडूंच्याच ओळखीचा सरदार येतो.

आपल्या पुरवणीत या खेळाच्या नुसत्या ओळखीपलीकडे जाणारे, टेबलावरच्या अशा कामाचे लेखन नियमित यावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक वाचक आणि डीएम